तोंडपाठ

सुखदेव रामटेके असं आडनावासकट लिहिलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं. ‘आडनावाचं काय काम होतं जी, माधुरीजी?’ असं म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला असता आणि उत्तर मिळेपर्यंत माझ्याकडे नुसते बघत बसले असते. पण विचारायला ते आता नाहीत. आणि असते तरी मी ऐकलं नसतंच. एका ऑफिसात शेजारी शेजारी बसून वीसेक वर्षं आम्ही एकमेकांचं न ऐकण्यातच घालवली.

आमच्या सरकारी कार्यालयात ते नागपूरहून बदलून आले. मूळचे भंडाऱ्याकडचे. उंच, काटकुळे, मानेला आणि कॉलरला लागून कायम एक रुमाल. पहिल्या दिवशी आमच्या हेडक्लार्कांनी विचारलं, “आपण कुठले?”

“भंडाऱ्याकडचा.”

“ते कळलं हो. आडनाव?”

“ऑर्डरवर लिहिलं आहे जी,” म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. कॉम्प्युटर नुकते आले होते, त्यांना हात लावायला आम्ही सगळे बिचकत होतो. या गृहस्थांनी खिशातून दाढीचा जुना ब्रश काढला आणि कीबोर्डमधली धूळ झाडायला लागले. पुढे निवृत्त होईपर्यंत तो ब्रश त्यांच्या खणात होता. आठवड्यातून एकदा ते सगळ्यांचे कीबोर्ड झाडून द्यायचे. माझ्या कीबोर्डातून चिवडा निघायचा, तो ते कागदावर काढून माझ्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, “घ्या, नाश्ता.”

त्या दिवसांत ते जागा शोधत होते. ऑफिस जवळ म्हणून सदाशिव पेठेत. मी तिथलीच, तेव्हा आमचे मालक लोक काय चीज असतात हे मला कुणी सांगायला नको. मी पत्ते द्यायची, ते रविवारी जाऊन यायचे आणि सोमवारी डबा खाताना सगळा प्रवेश करून दाखवायचे. मालक दाराची साखळी न काढता विचारणार, ‘काय हवंय?’ ‘जागा बघायला आलो.’ ‘हो हो, आहे ना. स्वतंत्र नळ आहे, ऊन येतं. आपलं आडनाव?’ ‘रामटेके.’ मग दोन क्षण थांबून, चेहरा कसनुसा करून, अगदी आमच्या पेठेतल्या स्वच्छ उच्चारांत, ‘अरेरे! अहो, कालच गेली हो.’

“तुमच्या पुण्यात जागा नेहमी कालच जाते जी,” ते म्हणायचे. “माझंच चुकतं. एक दिवस आधी यायला पाहिजे.”

सगळे पोट धरून हसायचे, तेही हसायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, “तुम्हाला राग नाही येत?” तर म्हणाले, “राग येतो ना बाप्पा. पण रागाला ठेवायला पण जागा लागते. ती कुठाय?”

शेवटी त्यांनी कात्रजला फ्लॅट घेतला. ‘कालच गेली’ मात्र त्यांच्या तोंडात कायमचं राहिलं. चहा संपला, कालच गेला. रजा शिल्लक नाही, कालच गेली. त्यांच्या पत्नी लताताई आजारपणात गेल्या, त्यानंतर एक दिवस कुणीतरी फोनवर लताताईंची चौकशी केली. रामटेके सवयीनं “कालच” एवढं म्हणाले आणि थांबले. मग फोन माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेले. ते वाक्य त्यांनी त्यानंतर बरेच दिवस वापरलं नाही.

त्यांनी कधी कुणाला आडनाव विचारलं नाही आणि कुणाला आडनावानं हाकही मारली नाही. साहेब असो की शिपाई, सगळ्यांचं पहिलं नाव आणि पुढे ‘जी’. मधला माणूस हा त्यांचा खरा शत्रू. खिडकीमागे बसलेला, शिक्का हातात धरलेला, ‘उद्या या’ म्हणणारा. स्वतः सरकारी नोकर असून! मी हे तोंडावर म्हटलं तर म्हणाले, “म्हणून तर मला माहीत आहे ना जी.”

तेव्हा बिटकॉइनची भानगड त्यांच्या डोक्यात शिरली यात नवल नव्हतं. इंटरनेटवर कुठेतरी त्यांनी ते वाचलं आणि मग जेवणाच्या सुट्टीत आमची सुटका नव्हती. चपातीचा तुकडा हातात धरून ते सांगत बसायचे. “हे पाहा माधुरीजी, सगळ्या जगाचा एकच हिशेब, उघड्यावर मांडलेला. कुणीही पाहावा. तिथे मॅनेजर नाही, खिडकी नाही, जामीन नाही. ज्याच्याकडे किल्ली त्याचं धन. आणि नाव? कुणी विचारतच नाही! आडनाव टाकायला रकानाच नाही.”

“म्हणजे चोरांची सोय झाली,” मी म्हटलं.

“चोरांची पण झाली,” ते म्हणाले. “आपली पण झाली. चोरांना काय जी, बँकेत पण खुर्ची देतात.”

निवृत्तीनंतर त्यांनी रविवारचा वर्ग सुरू केला. फी नाही, पाटी नाही. कात्रजच्या त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी घालून दहा-बारा माणसं बसायची. डेअरीतले एक गृहस्थ, हॉस्पिटलातल्या दोन सिस्टर, एक निवृत्त कंडक्टर, मांजरीहून स्कूटरवर येणाऱ्या एक शिक्षिका. आणि मी. मी एक पैसा त्यात घातला नाही, शेवटपर्यंत नाही. मी जायची ती त्यांच्या तर्री पोह्यांसाठी. पोह्यांवर तो लाल जाळ रस्सा ओतून ते माझ्यापुढे ठेवायचे आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत कौतुकानं बघत राहायचे. “सदाशिव पेठ वितळून राहिली,” असं लोकांना सांगायचे.

वर्गाचे नियम ते दर रविवारी सुरुवातीला सांगत. आडनाव सांगायचं नाही. कुणाकडे किती आहे हे सांगायचं नाही, विचारायचंही नाही. त्यामुळे त्यांच्या स्वतःकडे किती होतं हे मला आजही माहीत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे किल्ली कुठेही लिहायची नाही. ही किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. साधेच, शाळेच्या पुस्तकातले वाटावेत असे, पण ठरलेल्या क्रमानं. कॉम्प्युटर ते एकदा देतो. ते ज्याच्याकडे, त्याचं सगळं. हरवले तर जगात कुणीही परत काढून देऊ शकत नाही.

आता कुठलाही शहाणा माणूस हे शब्द कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवेल. बाकी सगळीकडचे लोक तेच करतात असं प्रज्ञा, त्यांची मुलगी, नंतर मला म्हणाली. पण रामटेक्यांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांचे वडील विड्या वळायचे, अक्षर ओळखत नव्हते. त्यांनी बुद्धवंदना विहारात ऐकून ऐकून पाठ केली, आणि विड्या वळता वळता मुलाकडून म्हणून घेतली. एक ओळ बापानं म्हणायची, पुढची पोरानं. “बापानं मला लिहून काहीच दिलं नाही जी,” ते सांगायचे. “जे दिलं ते तोंडानं दिलं. ते कोणी नेऊ शकलं नाही.”

म्हणून वर्गात पाठांतर चालायचं. तेही मनात! दहा-बारा मोठी माणसं सतरंजीवर बसून नुसते ओठ हलवताहेत, आवाज नाही, आणि मी कोपऱ्यात पोहे खातेय. बाहेरून कुणी बघितलं असतं तर काय समजलं असतं देव जाणे. एकदा कंडक्टरसाहेबांनी घोळ केला. आयुष्य ओरडण्यात गेलेलं, ओठ हलवताना आवाज कधी सुटला त्यांनाच कळलं नाही. चार शब्द खणखणीत बाहेर पडले, पाचवाही पडला. सिस्टरांनी कानांत बोटं घातली. डेअरीवाले “अहो, अहो” करत उठले. रामटेके हसून हसून खोकायला लागले, पण मग गंभीर झाले. “झालं. आता हे तुमचे नाहीत, सगळ्यांचे झाले. तोंडातून शब्द गेला की कुलूप बदलायचं. त्याच दिवशी.” आणि त्याच दुपारी बसून त्यांनी कंडक्टरसाहेबांना नवीन शब्द काढून दिले.

स्वतःचे शब्द ते सकाळ-संध्याकाळ म्हणायचे. सकाळी कात्रजच्या तळ्याभोवती चक्कर मारताना आणि संध्याकाळी वंदना झाल्यावर. त्यांचे ओठ हलताना बघून फिरायला येणाऱ्या एक आजी रोज त्यांना नमस्कार करायच्या. जप करणारा सत्पुरुष समजून.

मला एकदा म्हणाले, “तुम्हाला सांगून ठेवू का? कुणाला तरी माहीत पाहिजे.”

“मला नका सांगू,” मी कानांवर हात ठेवले. “माझ्या पोटात काही राहत नाही. उद्या भाजीवाल्याला सांगून येईन.”

“मग प्रज्ञालाच द्यावे लागतील,” ते म्हणाले. मनात त्यांच्या तीच होती. बापानं तोंडानं दिलं तसं आपण मुलीला तोंडानं द्यायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. आणि प्रज्ञाला वेळ नव्हता. पोरगी गुणी, हुशार, खराडीला एका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. रविवारी आली तरी लॅपटॉप उघडाच. “बाबा, नेक्स्ट संडे नक्की. प्रॉमिस,” म्हणायची. हा नेक्स्ट संडे चांगला दोन-तीन वर्षं चालला.

मग मोठे लोक आले. परदेशातले अवाढव्य फंड, लोकांची पेन्शनं सांभाळणाऱ्या संस्था, बँका. ज्यांनी इतकी वर्षं या प्रकाराला जुगार म्हटलं, फसवणूक म्हटलं, तेच आता रांगेनं घुसले. भाव चढायला लागला. प्रज्ञाच्या कंपनीनं तर या बड्या धेंडांच्या किल्ल्या सांभाळायचा विभागच काढला आणि तिला तिथे बसवलं. त्या रविवारी ती पेढे घेऊन आली.

“बाबा, यू वॉन! तुम्ही जिंकलात. सगळे तुम्हाला वेडं म्हणत होते ना? आता बघा, जगातले सगळ्यात मोठे लोक तेच घेतायत.”

वर्गात टाळ्या पडल्या. रामटेक्यांनी पेढा घेतला, हातात धरला, खाल्ला नाही.

“पण ते नाव विचारतात ना?” त्यांनी विचारलं.

“अर्थात विचारणार. केवायसी लागतंच. नाव, आडनाव, फोटो, पत्ता, नॉमिनी. सगळं प्रॉपर.”

“आणि किल्ली?”

“ती त्यांच्याकडे. म्हणजे आमच्यासारख्यांकडे. लोकांना डोक्याला तापच नाही.”

“म्हणजे खिडकी आली,” रामटेके म्हणाले. “मागे माणूस पण आला.” मग सगळ्यांना त्यांनी आमच्या ऑफिसातली एक गोष्ट सांगितली. कुठल्याशा समारंभाला ते सकाळपासून खुर्च्या मांडत होते, माईक जोडत होते. सगळं झाल्यावर पहिल्या ओळीत बसले. तेवढ्यात साहेबांचे पाहुणे आले आणि कुणीतरी येऊन कानात सांगितलं, जरा मागे बसता का? “मोठे लोक आले की पहिली ओळ रिकामी करावी लागते जी,” ते म्हणाले. “आपल्याला आता उठवतील.”

पोरीचा चेहरा उतरला. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अहो, मुलगी कौतुकानं पेढे घेऊन आली आहे, एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं? पण हा माणूस त्या दिवशी कुठल्या साखळी लावलेल्या दारात उभा होता हे मला नंतर कळलं.

आणि त्यांना कुणी उठवायला आलंच नाही. लोकच उठून गेले. आधी डेअरीवाले आले, संकोचत. “सर, आता मोठ्या कंपन्या आल्यात, सगळं रीतसर झालंय. कशाला उगाच डोक्यात ठेवायचं? वय झालं.” मग सिस्टर. मांजरीच्या बाईंना त्यांच्या मुलानं अ‍ॅप घालून दिलं. कुणीही त्यांना फसवलं नाही, सगळे पाया पडून गेले, आणि भाव चढल्यामुळे सगळ्यांचं भलंच झालं. एका रविवारी मी गेले तर सतरंजीवर मी एकटीच. आतून तर्रीचा वास येत होता. त्यांनी दहा माणसांचे पोहे केले होते.

“बाकीचे कुठे गेले?” मी विचारलं. मूर्खपणानं.

“कालच गेले जी,” ते म्हणाले, आणि माझ्या ताटलीत पोहे वाढले.

मी त्या दिवशी तीन वेळा पोहे घेतले. जळजळीनं रात्र गेली, पण ते पातेलं तसंच भरलेलं मला बघवेना.

त्यानंतर त्यांनी प्रज्ञाच्या मागे लागणं वाढवलं. ती समजावायची. “बाबा, आमच्याकडे एक किल्ली तीन माणसांकडे असते, तीन देशांत, तुकडे करून. एका माणसाच्या डोक्यावर आख्खं जग कुणी ठेवत नाही. डोक्याला काही झालं तर?”

“डोकं माझं आहे ना?”

“म्हणूनच तर.”

“तू एकदा म्हण माझ्यासोबत. एक मी, एक तू. तुझ्या आजोबांनी—”

“नेक्स्ट संडे, बाबा.”

तळ्याभोवतीच्या चकरेतच ते एका सकाळी कोसळले. नमस्कार करणाऱ्या त्या आजींनीच आरडाओरडा करून माणसं गोळा केली. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला. उजवा हात गेला आणि भाषा गेली. समजत सगळं होतं. डोळे तसेच होते, मी आत गेले तेव्हा चष्मा कपाळावर नेल्यासारखा त्यांनी डावा हात वर नेला. पण बोलायला तोंड उघडलं की नाव येईना, पाणी म्हणता येईना.

वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, कधी कधी साधं बोलणं जातं पण जे वर्षानुवर्षं घोकलेलं असतं ते राहतं. आकडे, प्रार्थना, असं काही. म्हणून प्रज्ञानं वंदनेची पहिली ओळ म्हटली. आणि काय सांगू, त्यांनी पुढची म्हटली! सगळी म्हटली, एकही अक्षर न चुकता. प्रज्ञा रडायला लागली, मीही. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “छान! आता दुसरं काही बोलून बघू. काका, चहा हवा का?”

काकांनी तोंड उघडलं. आणि त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द निघायला लागले. एकामागून एक, सकाळ-संध्याकाळ घोकलेल्या त्याच चालीवर. दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच माझ्या लक्षात आलं. प्रज्ञाच्याही. बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना वाटलं पेशंट बडबडतोय. पण ज्यांच्या तोंडून निघत होते त्यांना कळत होतं. शब्द संपेपर्यंत त्यांना थांबता येत नव्हतं, आणि थांबता येत नाही हे त्यांना कळत होतं. डोळ्यांत जे भय मी त्या दिवशी बघितलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पाणी मागायला गेले, तेच. कूस बदलायची, तेच. मला हाक मारायची, तेच. जन्मभर ज्या तोंडावर विश्वास ठेवला त्या तोंडात दुसरं काही उरलं नव्हतं.

घरी आणल्यावर ते गप्प झाले. माणूस खोलीत आला की डावा हात तोंडावर. नर्स आली, हात तोंडावर. मालिश करणारा आला, हात तोंडावर. जेवण भरवायला हात काढावा लागे, तेव्हा दात घट्ट. डॉक्टरीणबाई रागावल्या. आता बोलले नाहीत तर आहे तेवढीही वाचा जाईल म्हणाल्या. वंदनाही म्हणेनात, तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडेल म्हणून. आपल्याच बापाला असा तोंड दाबून बसलेला बघणं काय असतं, ते त्या पोरीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

एका दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. टेबलावर लॅपटॉप. बाबा खुर्चीत, हात तोंडावर.

“मावशी, मी सगळं एका मोठ्या कंपनीत हलवतेय. बाबांच्याच नावावर. त्याशिवाय ते बोलणार नाहीत.”

“अगं, नवीन बारा शब्द काढ ना,” मी म्हटलं. “तू पाठ कर. त्यांना तेच हवं होतं.”

“डोकं कसं फुटतं ते मी रोज बघतेय, मावशी,” ती म्हणाली.

खातं उघडायला कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं. पलीकडे हेडफोन लावलेली एक मुलगी दिसली, गोड बोलणारी. “सर, अपना पूरा नाम बताइए, सरनेम के साथ.”

“इनको बोलने में प्रॉब्लेम है, मैं बताती हूँ,” प्रज्ञा म्हणाली.

“नहीं मॅम, सर को ही बोलना पड़ेगा। सर, सरनेम?”

रामटेक्यांनी तोंडावरचा हात काढला. रागानं काढला, मी बघत होते. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पक्कं माहीत आहे. आयुष्यभर जे म्हणाले तेच, नुसतं ‘सुखदेव’. मान ताठ करून त्यांनी तोंड उघडलं आणि ते बारा शब्द सुरू झाले. पहिला, दुसरा, तिसरा. प्रज्ञानं झडप घालून त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉप मिटला. तिच्या तळव्याखाली त्यांचे ओठ हलतच राहिले, बारा पुरे होईपर्यंत.

मग ते रडले. आवाज न करता, कॉलरचा रुमाल ओला होईपर्यंत. प्रज्ञा त्यांच्या पायाशी बसली. “बाबा, तोंडातून शब्द गेला की कुलूप बदलायचं. त्याच दिवशी. तुमचाच नियम आहे ना?” शेवटी डाव्या हातानं त्यांनी तो लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. मला वाटतं त्या एवढ्याशा सरकवण्यात त्यांचं सगळं गेलं.

तिचं स्वतःचं खातं आधीच होतं त्या कंपनीत. बाबांनी एकदा म्हटले तसे तिनं ते शब्द भरले आणि सगळं तिकडे पाठवलं. किती होतं ते मी बघितलं नाही, खिडकीशी जाऊन उभी राहिले. परत वळले तेव्हा पडद्यावर तिचं नाव दिसत होतं, प्रज्ञा सुखदेव रामटेके, आणि बाबा ते वाचत होते.

“झालं बाबा,” ती म्हणाली. “आता बोला. त्या शब्दांनी आता काही उघडत नाही. जोरात बोला, गॅलरीत जाऊन बोला. कुणी काही नेऊ शकत नाही.”

त्यांना विश्वास बसायला दोन-चार दिवस लागले. मग हात खाली आला. मग शब्द आले. चहा हवा, तेच शब्द, पण आता चालीत फरक. हवा असला तर शेवट वर, नको असला तर खाली. राग आला तर चौथ्यावर जोर. मला तर लांबूनच कळायचं आज स्वारी खुशीत आहे की नाही.

शेवटचं मी त्यांना बघितलं ते एका रविवारी सकाळी. दिवाळी तोंडावर आली होती. दार उघडंच होतं. आतून तर्रीचा वास, तिखट कमी पडलेला, म्हणजे प्रज्ञानं केली होती. ऑफिसचा लॅपटॉप कुठे दिसत नव्हता. दोघं टेबलाशी समोरासमोर बसली होती. त्यांनी एक शब्द म्हटला. तिनं पुढचा म्हटला. त्यांनी तिसरा, तिनं चौथा. पाचव्यापुढे ती अडखळली, तर त्यांनी बोटानं टेबलावर टकटक केली आणि थांबून राहिले. तिनं आठवून म्हटला. त्यांचा चेहरा असा फुलला की मी दारातच उभी राहिले.

“मावशी, पाठ झाले जवळजवळ,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “आता काही उपयोग नाही, माहितीये मला. पण त्यांच्याकडे दुसरं काय आहे द्यायला?”

मी जाऊन बसले. बाराव्यानंतर पुन्हा पहिला. त्यांनी पहिला म्हटला, तिनं दुसरा म्हटला, आणि मग ते माझ्याकडे वळले. चष्मा कपाळावर. डावा हात माझ्यापुढे केला. तुम्ही.

मी कधीच पाठ केले नव्हते. मला सांगू नका म्हणून कानांवर हात ठेवणारी बाई मी. पण इतके आठवडे ऐकून ऐकून कुठे जातात? तिसरा शब्द माझ्या तोंडातून आपोआप निघाला.

सुखदेवजींनी टेबलावर टकटक केली, मान डोलावली आणि चौथा म्हटला.